दादाच्या नावाने लॉगिन करणारा चोर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर चहा नाकात जाईल आणि मलाच तुमची पाठ थोपटत बसावं लागेल. मी जो पराक्रम केलाय, तो झाशीत दुसऱ्या कुणाच्या नशिबी नसेल. चोर पकडायला गेलो आणि भर लग्नसराईत नवरदेवाची बस अडवून ठेवली! तीही कशी? खुर्चीत बसून. एका बोटाने.

मी बाळू. झाशीच्या नगरा भागात राहतो. शिक्षण विचारू नका. नववीत गणिताने मला सोडलं आणि त्याच दिवशी मी शाळेला सोडलं. घरात मराठी बोलतो, दाराबाहेर हिंदी, आणि भांडायचं असेल तर बुंदेली. मोबाइलची कव्हरं विकायचो. बरं चाललं होतं.

कंप्यूटरचं डोकं देवाने सगळं माझ्या मोठ्या भावाला दिलं. सुहासदादाला. इलाइट चौराह्याच्या मागच्या गल्लीत एका बसवाल्यांचं ऑफिस आहे, तिथे तो होता. मऊरानीपुर, ग्वालियर, कानपूर, सगळ्या गाड्यांची तिकिटं तिथल्या सर्व्हरवरून निघतात. सर्व्हर म्हणजे काय? मागच्या खोलीतला एक काळा डबा. त्या डब्याला एसी आहे. मालकाच्या केबिनमध्ये कूलर आहे. कोणाची किंमत किती, ते तुम्हीच ठरवा.

होळीनंतर दादा मऊरानीपुरच्या काउंटरचा कंप्यूटर दुरुस्त करून मोटरसायकलवर परत येत होता. संध्याकाळची वेळ. रस्त्यात गव्हाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल कापड नाही, काहीच नाही. ट्रॉलीवाला म्हणाला, मी तर बाजूलाच लावली होती. छान. ट्रॉली बाजूला होती, रस्ताच मध्ये आला असेल.

त्याबद्दल मी एवढंच बोलणार. पुढे चला.

दहाव्याला आम्ही ओरछ्याला गेलो, बेतवेच्या काठावर. पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट बघत बसलो. आता आपल्याकडची ही पद्धत इथल्या लोकांना नवी. दादाचे मालक रामबाबूजी मुद्दाम आले होते. बिचारे उन्हात उभे. थोड्या वेळाने माझ्या कानाशी आले.

"बालू, किसका इंतज़ार है?"

"कौए का."

"कौआ तो वो बैठा है."

"बैठा है, पर छू नहीं रहा. मतलब भैया की कोई इच्छा बाकी है."

मग रामबाबूजीही कावळ्याकडे बघत उभे राहिले. आई म्हणाली, सुनेला लेकीसारखं ठेवीन. कावळा ढिम्म. बाबा म्हणाले, घराचं राहिलेलं काम पूर्ण करीन. कावळा पंख साफ करतोय! वहिनी नुसत्या बघत होत्या. ते मला बघवेना. मी उठलो, हात जोडले आणि ओरडलो, "दादा, तुझं ऑफिसचं काम मी सांभाळीन!"

कावळा झपकन आला आणि शिवला.

बघा म्हणजे! घरात दोन शहाणी माणसं रीतसर वचनं देतायत, ती याला चालली नाहीत. नववी नापास पोरगा सर्व्हर सांभाळतो म्हणाला, ते लगेच मंजूर. मार्कशीटसुद्धा मागितली नाही.

रामबाबूजींना 'ऑफिस' एवढा एकच शब्द कळला, पण तो बरोबर कळला. डोळे पुसत म्हणाले, "सोमवार से आ जाना, बेटा."

अशा रीतीने माझी निवड झाली.

सोमवारी गेलो. मागच्या खोलीत दादाची खुर्ची, दादाचा कंप्यूटर. काम शिकवायला सक्सेनाजी. ते ग्वालियरचे इंजीनियर. फोनवरून बोलतात आणि तिथूनच आपल्या पडद्यावरचा बाण हलवतात. पहिल्यांदा बाण आपोआप हलला तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली होती. सांगत नाही कुणाला.

"बालूजी, सर्व्हर जो भी करता है, एक फाइल में लिखता जाता है. उसको लॉग कहते हैं. आपको सिर्फ़ देखना है. लाल लाइन दिखे तो मुझे फोन. बाकी कुछ छूना नहीं."

"कैसे देखूँ?"

"सुहास ने आइकन बना रखा है. दो बार क्लिक करो, खुल जाएगा."

दोनदा टिचकी मारली. उघडलं. कसला पासवर्ड नाही, काही विचारपूस नाही. दादाचं काम असंच असायचं. दुसऱ्याला त्रास नको.

पण आत काय? काहीच नाही! पांढरं पान. कारण दादाने सेटिंग असं ठेवलं होतं की फक्त चुका लिहिल्या जाव्यात. आणि दादाच्या सर्व्हरला चुका करायची सवय नव्हती.

आता हे लॉगचं प्रकरण सोपं आहे, घाबरू नका. सर्व्हर किती बडबड करेल, ते आपण ठरवायचं. पायऱ्या असतात. आमच्या घरावरूनच सांगतो. बाबा म्हणजे 'एरर'. घराला आग लागली तरच बोलणार. दादा म्हणजे 'वॉर्निंग'. एकदा सांगणार, हळू सांगणार, आणि बरोबर असणार. आई म्हणजे 'इन्फो'. दूध आलं, दूध तापत ठेवलं, दूध उतू गेलं, कुणामुळे गेलं. आणि सगळ्यात खालची पायरी 'डीबग', म्हणजे मी. काही झालेलं नसतानाही बोलणार.

तर मी रोज सकाळी पांढरं पान बघायचो. दुपारी पांढरं पान बघायचो. काउंटरवरचे पप्पू भैया काचेतून मला बघायचे. तिकडे तिकिटांसाठी माणसांवर माणसं, आणि इकडे मी एसीत बसून कोऱ्या पानाकडे टक लावलेला.

"काए बालू भैया, बड़ो कठिन काम है?"

"ज़िम्मेदारी का काम है, पप्पू भैया."

"हओ, दिख रओ है."

शेवटी रामबाबूजीही एक दिवस मागे येऊन उभे राहिले. "बेटा, इसमें तो कुछ लिखा ही नहीं."

"यही तो अच्छी बात है, बाबूजी."

"अच्छी बात देखने के लिए आदमी रखा है?"

हे लागलं मला. कावळ्याला शब्द दिला होता हो! काम सांभाळीन म्हटलं होतं, आणि सांभाळायला तर काही दिसलं पाहिजे की नाही? सक्सेनाजींनी छूना नहीं म्हटलं होतं. पण मी हात लावणार होतो तो फक्त सेटिंगला. एरर काढलं, इन्फो ठेवलं. आता बघा म्हटलं, पान कसं भरतं!

भरलं. काय भरलं! मऊरानीपुरचं तिकीट निघालं, कानपूरचं रद्द झालं, पप्पूने लॉगिन केलं, पप्पूचा पासवर्ड चुकला, पप्पूचा पुन्हा चुकला. वा! आई घरात आल्यासारखं वाटलं. मी मजेत वाचत खाली आलो, आणि सगळ्यात खालची ओळ वाचली.

यूझर सुहास. लॉगिन सक्सेसफुल.

वेळ आत्ताची. या मिनिटाची.

मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली. पाणी प्यायलो. भूतबीत मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शिकलो नसलो तरी आजच्या काळातला माणूस आहे. धीर करून पुन्हा उघडलं.

यूझर सुहास. लॉगिन सक्सेसफुल. अजून एकदा!

मी खोलीत हळूच म्हणालो, "दादा?"

एसी घरघरला.

मग मी पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा आला. बंद केलं, उघडलं, आला. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. केवढा आज्ञाधारक! जिवंतपणी हाक मारली तर "थांब रे, कामात आहे" म्हणायचा.

संध्याकाळी घरी जाईपर्यंत डोकं ठिकाणावर आलं, म्हणजे माझं येतं तेवढं. मेलेला माणूस लॉगिन करत नाही. त्याच्या नावाने दुसरं कुणीतरी करतंय. चोर! दादाचा पासवर्ड चोरून कुणीतरी आत शिरतंय. माझ्या भावाच्या नावाने!

असा राग आला म्हणता! ट्रॉलीवाल्यावर काढायचा राहिलेला सगळा राग आयता तयार होता. त्याला फक्त पत्ता मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून तपास सुरू. आणि तपासात काय काय उघड झालं, ऐका. माझी हुशारी बघा.

पहिलं, चोर ऑफिसच्या वेळेतच येतो. दुसरं, तो सकाळी माझ्या मागोमाग येतो. मी खुर्चीत बसलो रे बसलो की हा हजर. तिसरं, मी जेवायला गेलो की तोही गप्प, मी परतलो की तोही परतला. चोर माझ्याबरोबर डबा खात होता! आणि चौथं, सगळ्यात भयंकर. मधल्या बुधवारी मी आईला डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. त्या दिवशी चोर दिवसभर आला नाही.

यावरून कुणीही काय समजलं असतं?

मी समजलो की चोर माझ्यावर नजर ठेवून आहे.

बरोबर ना? मी आलो की त्याला कळतं, मी उठलो की कळतं, मी रजेवर असलो की कळतं. म्हणजे तो मला बघू शकतो. आणि मला बघू शकतो कोण? काचेपलीकडचे पप्पू भैया! बरीच वर्षं त्याच काउंटरवर. गोड बोलतात. सगळ्यांचे लाडके. असेच असतात.

खात्री करायला मी पप्पू भैयांना समोसे आणायला चौराह्यावर पाठवलं. ते गल्लीच्या वळणावर गेले आणि मी टिचकी मारली. चोर आला!

म्हणजे पप्पू भैया नाहीत?

छे. म्हणजे पप्पू भैयांचा साथीदार आहे.

घरी मला काही बोलायचं नव्हतं. पण पोटात काही राहील तर मी डीबग कसला? वहिनी भाकरी करत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, ऑफिसात दादाच्या नावाने कुणीतरी येतं."

त्यांचा हात थांबला. "येतं म्हणजे?"

"कंप्यूटरमध्ये. त्याचं नाव उमटतं. सुहास, लॉगिन झालं म्हणून. चोर आहे कुणीतरी."

"किती वाजता येतं?"

"सकाळी साडेनऊला पहिल्यांदा."

"हो," वहिनी म्हणाल्या, "साडेनऊलाच पोचायचे." आणि तव्यावरची भाकरी त्यांनी करपू दिली. वहिनींची भाकरी करपत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात भरली वांगी होती. मला वांगी आवडत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कुणाला आवडायची, हेही माहीत आहे. मी गुपचूप खाल्ली. मग मला वाटलं, आता हा चोर सापडलाच पाहिजे. नाहीतर वहिनी रोज वांगी करतील आणि मी रोज खाईन, आणि कुणीच काही बोलणार नाही.

मी थेट रामबाबूजींकडे गेलो. आधी विचार करावा, पुरावा गोळा करावा, असं सगळं नंतर सुचतं. सांगून टाकलं.

रामबाबूजींनी चष्मा काढला. "सुहास की आईडी से? ये तो खतरनाक बात है. आज ही बंद करवाओ."

"बंद? दादा की आईडी?"

"और क्या. कब की बंद हो जानी चाहिए थी." मग चष्मा पुसत म्हणाले, "भला लड़का था. पर पासवर्ड किसी न किसी को बताया होगा उसने. नहीं तो कोई कैसे घुसता?"

ऐकलंत? ज्याने सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावून जीव नको केला, तो पासवर्ड वाटत फिरत होता म्हणे! ट्रॉलीने काय कमी केलं होतं, आता ही बदनामी.

"बाबूजी," मी म्हणालो, "इतवार तक रुक जाइए. चोर मैं लाकर खड़ा करूँगा. भैया ने किसी को नहीं बताया."

"और न पकड़ पाए तो?"

"तो आईडी भी बंद कीजिए, और मुझे भी."

बघा आवेश! कुणी मागितलं नव्हतं हो. ते नुसते मान हलवून 'ठीक है' म्हणाले. आता दोन गोष्टी पणाला, दादाचं नाव आणि दादाची खुर्ची. दोन्ही माझ्याच हातात. आणि हात कुणाचा, ते तुम्हाला माहीतच आहे.

मी तपास वाढवला. इन्फोवरून सेटिंग सरळ तळाला, सगळं लिही! सर्व्हरने श्वास घेतला तरी लिही. मग दिसली एक चौकोनी खूण: जुन्या फाइली आपोआप काढून टाका. दादाने टिक करून ठेवलेली. जुना लॉग भरला की सर्व्हर तो पुसतो आणि नव्याला जागा करतो. मी म्हटलं, अरे! म्हणजे चोराच्या पाऊलखुणा रोज पुसल्या जातायत? टिक काढली. पुरावा जपून ठेवायला नको?

आणि शेवटचा डाव. दर वेळी टिचकी मारून बोट दुखायला लागलं होतं, म्हणून लॉग आपोआप पुन्हापुन्हा उघडत राहील असं लावून टाकलं. दर पाच सेकंदांनी. आता कुठे पळतोस!

काय सांगू तुम्हाला, चोर पिसाळलाच! दर पाच सेकंदांनी सुहास. सुहास, सुहास, सुहास. पडदाभर माझा भाऊ. मी बघतच राहिलो. मनात म्हटलं, घाबरला. जाळं आवळलंय हे त्याला कळलं.

रविवार उजाडला. सहालग जोरात, म्हणजे इथली लग्नसराई. काउंटरवर ही गर्दी! त्यात मऊरानीपुरची एक अख्खी बारात, नवरदेव सेहऱ्यासकट, आणि त्यांचे फूफाजी. उत्तरेकडच्या लग्नात फूफाजी म्हणजे काय असतं, ते ज्याने सोसलंय त्यालाच माहीत. नवरदेवाच्या आत्याचे यजमान. लग्नात त्यांचं काम एकच, रुसणं.

त्याच दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, आज मी येते. मला एकदा बघायचंय." मी नाही कसं म्हणणार? त्यांना आणून माझ्या शेजारच्या स्टुलावर बसवलं. पडद्याकडे बोट दाखवलं. "बघा."

वहिनी बघत होत्या. पदर तोंडाला लावून. सुहास, सुहास, सुहास. आणि मग पडदा थांबला.

थांबला म्हणजे थांबलाच. बाहेरून पप्पू भैयांचा आवाज. "बालू भैया! टिकट नईं निकर रओ!"

तिकिटं बंद. मऊरानीपुर बंद, कानपूर बंद, सगळं बंद. रामबाबूजी केबिनमधून धावत आले. पप्पू भैयांनी हाताने पावत्या फाडायला घेतल्या, आणि कुठली सीट विकली गेलीय ते सांगणारा डबाच मुका झालेला. फूफाजींना दिलेल्या सीटवर आधीच एक आजीबाई बसलेल्या, मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन. आजीबाई उठेनात. फूफाजी रुसले. फूफाजी रुसले म्हणून बारात बसमध्ये चढेना. बारात चढेना म्हणून बस हलेना, आणि बस हलेना म्हणून चौराह्यापर्यंत हॉर्न!

या गोंधळात मी काय केलं? सर्व्हरला बघितलं? सक्सेनाजींना फोन लावला? नाही. मी काचेचा दरवाजा ढकलला, काउंटरवर उडी मारली आणि पप्पू भैयांची कॉलर धरली.

"पकड़ लिया! बाबूजी, यही है! कंप्यूटर भी इसी ने बंद किया!"

"अरे, हम तो रसीद फाड़ रए!" पप्पू भैया ओरडले. "काए पगला गए का?"

"भैया का पासवर्ड किससे लिया? बोलो!"

फूफाजी रुसायचे थांबले. इतकं चांगलं भांडण चालू असताना कोण रुसणार? ते खुर्ची घेऊन बसले.

रामबाबूजींनी मला मागे ओढलं आणि स्वतः सक्सेनाजींना फोन लावला. स्पीकरवर. ग्वालियरहून बाण आला, पडद्यावर इकडेतिकडे फिरला. सगळं ऑफिस माझ्या खोलीच्या दारात. नवरदेवसुद्धा सेहरा बाजूला करून बघतोय.

"डिस्क पूरी भर गई है," सक्सेनाजींचा आवाज आला. "लॉग से भर गई. पुरानी फाइलें हटाना किसने बंद किया?"

मी पप्पू भैयांकडे बघितलं. पप्पू भैयांनी माझ्याकडे बघितलं.

"वो मैंने. सबूत के लिए."

"कैसा सबूत?"

"भैया की आईडी से चोर घुसता है. आप देखिए, हज़ारों बार नाम लिखा है."

बाण हळूच सरकला, जुन्या फाइली उडाल्या, आणि बाहेर पप्पू भैयांच्या मशीनमधून तिकीट निघाल्याचा आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटलो.

"बालूजी," सक्सेनाजी म्हणाले, "आप लॉग कैसे खोलते हैं?"

"आइकन से. भैया का बनाया हुआ."

"एक बार खोलिए."

टिचकी मारली. यूझर सुहास. लॉगिन सक्सेसफुल.

"देखा!" मी ओरडलो. "आ गया!"

"बंद करके फिर खोलिए."

पुन्हा टिचकी. यूझर सुहास. लॉगिन सक्सेसफुल.

"अब मत खोलिए."

मी हात मांडीवर ठेवला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. कुणी आलं नाही. फूफाजींनी खोकून घेतलं. कुणी आलं नाही.

"लॉग देखने के लिए भी लॉगिन करना पड़ता है, बालूजी. आइकन में सुहास का पासवर्ड पहले से भरा है. आप जितनी बार चोर को देखने गए, उतनी बार घुसे."

तुम्हाला खरं सांगू? मला वाटायचं, लॉग बघणं म्हणजे खिडकीतून रस्ता बघणं. रस्ता काय आपलं नाव लिहून ठेवतो? पण हा ठेवतो. मी बघतोय हेही तो लिहीत होता. आणि मी ते वाचून पुन्हा बघत होतो. आणि तो पुन्हा लिहीत होता.

पहिले पप्पू भैया हसले. मग ड्रायव्हर, मग नवरदेव. फूफाजी इतके हसले की आजीबाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि बस निघाली. लग्न लागलं म्हणतात वेळेवर.

रामबाबूजी हसले नाहीत. ते म्हणाले, "मतलब सुहास ने पासवर्ड किसी को नहीं बताया था."

"किसी को नहीं," सक्सेनाजी म्हणाले. "बालूजी महीनों से चला रहे हैं, इनको भी नहीं मालूम."

चला. दादाची अब्रू वाचली. माझी गेली, पण ती तशी फार नव्हतीच.

वहिनी अजून स्टुलावरच होत्या. मराठीत, म्हणजे तिथे दुसऱ्या कुणाला कळणार नाही असं, त्यांनी विचारलं, "म्हणजे रोज तुम्हीच होतात?"

"हो, वहिनी."

"मग इतक्यांदा कशाला बघायचात?"

उत्तर होतं. पण दारात अख्खं ऑफिस उभं होतं. मी उगाचच माउस पुसला. वहिनी उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "संध्याकाळी काय करू? भेंडी चालेल?"

मला भेंडी आवडते.

खुर्ची राहिली. रामबाबूजी म्हणाले, "इतनी मेहनत से तो कोई अपना काम भी नहीं करता. बस अब छूना मत." पप्पू भैयांची माफी मागितली. त्यांनी दिली, पण तेव्हापासून ते मला दरोगाजी, म्हणजे फौजदारसाहेब, म्हणतात. काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर. "आओ दरोगाजी, कौन खों पकरहो आज?" म्हणू देत, ऐकून घेतो.

दादाची आयडी मात्र गेली. सक्सेनाजी म्हणाले, नियम आहे, बंद करावीच लागते. मला माझी स्वतःची दिली. यूझर बालू. नवा आइकनही दिला. लॉग पुन्हा फक्त चुकांवर आणला, टिक जागच्या जागी लावली. पांढरं पान परत आलं. सगळं व्यवस्थित.

फक्त दादाचा जुना आइकन मी काढलेला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आहे. एक दिवस सकाळी मी सहज टिचकी मारली. आत जाता येणार नाही हे माहीत होतं. पण बंद झालेल्या आयडीने कुणी दार वाजवलं तर सर्व्हरच्या लेखी ती चूक असते. आणि चूक लिहिली जाते. लाल अक्षरात.

यूझर सुहास. लॉगिन फेल्ड.

पांढऱ्या पानावर एकच ओळ. मी बराच वेळ बघितली.

आता ती रोज सकाळी येते. एकच, जास्त नाही, डिस्क भरत नाही. पण लाल ओळ दिसली की सक्सेनाजींना कळवायचं, हेच तर माझं काम. मी इमानदारीने कळवतो. परवा ते वैतागले.

"बालूजी, ये रोज़-रोज़ सुहास के नाम से गलत लॉगिन कौन मारता है?"

मी म्हणालो, "पता नहीं, सर. मैं नज़र रखे हुए हूँ."